खेळायलासुद्धा हवा होता

सरांनी दुकानदाराच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघत गुजरातीत म्हणाले, "आने तो बधुंय डिस्काउन्टमां ज मळ्युं छे. एडमिशन पण."

हिला तर सगळं सवलतीतच मिळालंय. कॉलेजातली सीटसुद्धा.

दुकानदार हसला. मला लॅपटॉप दाखवणारा त्याचा माणूसही हसला. शेजारी एक बाई इयरफोन बघत होती. ती हसली नाही, पण वळून तिने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. आता तिलाही कळलं होतं मी कोण ते. सर आडनाव न घेता जात सांगतात. ते त्यांना फार छान जमतं.

गुजरातीत बोलले ते मला कळू नये म्हणून नव्हे. मी बडोद्यातच जन्मले, माझी गुजराती सरांपेक्षा बरी आहे. सर माझ्याशी मराठीत बोलतात आणि माझ्याबद्दल गुजरातीत. मराठी आपल्यातली आहे ना, तिच्यात असलं बोललं तर घाण होईल. सगळी सभ्यता ते मराठीसाठी राखून ठेवतात.

मी तिथे कशी पोचले ते सांगते. लहरीपुऱ्यात एका बांगड्यांच्या दुकानावर सरांचा स्टुडिओ आहे. लग्नपत्रिका, दुकानांचे बोर्ड, आणि नवरात्रात गरब्याच्या मैदानावर जो भलामोठा एलईडी पडदा लावतात त्यावरची हलती चित्रं. फिरणारे घट, नाचणारे मोर, खाली स्पॉन्सरचं नाव. ही हलती चित्रं मी करायचे. पडद्यावर स्टुडिओचं नाव यायचं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं, नोकरी म्हटल्यावर ते आलंच. पण गिऱ्हाईक आलं की सर म्हणायचे, "मी स्वतः बसून केलंय हे." आणि मी शेजारच्या खुर्चीवर बसलेली असायचे.

त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर माझ्या टेबलावरचा जुना कॉम्प्युटर बंद पडला, तो पडलाच. सर म्हणाले, तू स्वतःचाच लॅपटॉप घेऊन टाक, सेल लागलेत, माझ्या ओळखीचं दुकान आहे, लॅपटॉप तुलाच राहील. म्हणजे पैसे माझे, काम त्यांचं. तरी मी खूश झाले. स्वतःची वस्तू म्हणून खूश झाले. सर म्हणाले, मी येतो बरोबर, तुला काय कळणार त्यातलं.

दुकानातल्या माणसाने आधीच्या वर्षीचं एक मॉडेल काढलं. चांगलं ग्राफिक्स कार्ड, चांगला पडदा, नवीन मॉडेल आल्यामुळे किंमत उतरलेली. म्हणाला, "मॅडम, एडिटिंग मख्खन चलेगा. गेम भी खेल सकते हो."

मी म्हटलं, "गेम भी?"

माझा चेहरा खुलला असणार. तेवढ्यावरच सर ते वाक्य बोलले. मग त्यांनी कोपऱ्यातला एक पातळसा, स्वस्त लॅपटॉप बोटाने दाखवला. "हा घे. कामापुरता आहे. गेमबिम कशाला तुला?" त्या लॅपटॉपवर त्यांचेच मोर दोन पावलं नाचून अडकले असते. पण काम मी कशावर करते ते त्यांनी कधी बघितलं होतं थोडंच.

"उद्या सांगते," एवढंच म्हणाले मी. सरांना ते आवडलं नाही. दुकानदाराशी असलेल्या त्यांच्या ओळखीला तडा गेला म्हणे. मी खाली उतरले, मांडवीपर्यंत चालत गेले, घरी जायला छाणीची रिक्षा धरली. रडू आलं नाही. अंगाचा नुसता संताप होत होता, आणि सगळ्यात जास्त संताप माझ्याच चेहऱ्याचा. कशाला खुलला होता मेला?

खेळाचं सांगायलाच हवं. त्याशिवाय हे कळणार नाही.

माझे वडील रेल्वेत गँगमन होते, भुसावळकडून बदलून आलेले. आता ते नाहीत. मी शाळेत होते तेव्हा आई रेल्वेच्या एका साहेबांच्या बंगल्यावर भांडी घासायची. सुट्टीत मी तिच्याबरोबर जायचे. साहेबांच्या मुलाकडे कॉम्प्युटर होता आणि त्यावर बंदुकीचा एक गेम. मला खोलीच्या दारात उभं राहायची परवानगी होती. आत नाही, उंबऱ्याशी. तो म्हणायचा, "तू फक्त बघ. डावीकडून कोण आलं तर सांग." मी सांगायचे. माझी नजर चांगली. कोपऱ्यात हललेली सावली मला त्याच्याआधी दिसायची. "डावीकडे," म्हटलं की तो गोळी झाडायचा, जिंकायचा, आणि आईला ओरडून सांगायचा की मी जिंकलो.

एकदा तो पाणी प्यायला उठला. मी आत गेले आणि माऊसवर हात ठेवला. नुसता ठेवला. बंदूक हलली. पडद्यावरची बंदूक माझ्या हाताने हलली, तेव्हा काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. तेवढ्यात त्याची आई दारात आली. ती मला काहीच बोलली नाही. तिने माझ्या आईला हाक मारली आणि म्हणाली, "हे पुसून घे."

आई फडकं घेऊन आली. माझा हात लागलेला माऊस माझ्या आईने पुसला. आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

त्या बाईला मी माफ केलेलं नाही. लहानपणीची गोष्ट आहे, सोडून द्यावी, असं मला कॉलेजातल्या मैत्रिणी सांगायच्या. त्यांच्या आयांना कुणी माऊस पुसायला लावला नव्हता.

तर दुकानातून मी घरी आले. आई आता छाणीतच एका टिफिनवाल्यांकडे पोळ्या लाटते. ती हात धूत होती. मी तिला सगळं सांगितलं, सरांचं वाक्यसुद्धा, जसंच्या तसं. वाटलं होतं म्हणेल, गप घ्यायचा होतास, नोकरी आहे, उगीच वाकड्यात शिरू नकोस. ती नेहमी असंच म्हणते. त्या दिवशी ती बराच वेळ हात पुसत राहिली. मग म्हणाली, "कामापुरतं तर मला पण सगळ्यांनी दिलं बाई. तू खेळायचा घे."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि एकटी निघाले. सरांच्या ओळखीचं दुकान सोडून. तीनचार ठिकाणी फिरले. शेवटी एका मोठ्या दुकानात तेच मॉडेल मिळालं, दर्शनी टेबलावर ठेवलेला नग, झाकणावर एक बारीक ओरखडा, म्हणून आणखी स्वस्त. मी घाई केली नाही. पडद्यावर पांढरं पान उघडून बघितलं, कुठे काळा ठिपका आहे का. केशरी रंग लावून बघितला, कारण फालतू पडद्यावर केशरी विटकरी दिसतो आणि नवरात्राच्या कामात सगळा केशरीच असतो. पुढे मेमरी वाढवता येते का विचारलं. वॉरंटी माझ्या बिलापासून सुरू होणार की नग टेबलावर ठेवला तेव्हापासून, ते लिहून घेतलं. बिजागरी हलवून बघितली.

विकणाऱ्या मुलाने विचारलं, "किसके लिए है? भाई के लिए?"

"मेरे लिए."

"काम के लिए ना, मॅडम?"

"काम के लिए. और खेलने के लिए. पहले गेम चलाके दिखाओ."

भर दुकानात मी स्टूल ओढून बसले आणि खेळले. माझ्यामागे दोन पोरं येऊन उभी राहिली. पंखा जरा आवाज करत होता, मशीन तापत होतं, चार्जर विटेएवढा जड होता. मला सगळं चाललं. "डावीकडे" असं मला कुणालाच सांगावं लागत नव्हतं. हप्त्यावर घेतला, सही केली, पिशवी छातीशी धरून घरी आणला.

सरांनी बघितला तेव्हा म्हणाले, "शेवटी गेमिंगचाच घेतलास."

"हो."

"माझ्या ओळखीचा मान नाही ठेवलास."

मी लॅपटॉप उघडून कामाला लागले. नवरात्र सुरू होत होतं आणि कामाचा डोंगर होता. तेवढे दिवस सगळं काम माझ्याच मशीनवर झालं. सगळ्या फायली माझ्याकडे. सरांना त्याचं काही वाटलं नाही. मी होतेच की त्यांच्याकडे.

आता त्यांच्या खंडेनवमीचं सांगते.

सरांचे पणजोबा महाराजांच्या दफ्तरात मोठे कारकून होते. त्यांचं कलमदान घरात जपून ठेवलेलं आहे. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात, ज्याचं जे हत्यार त्याची. त्या दिवशी कलमदान स्टुडिओत आणतात आणि त्याच्याबरोबर सगळे कॉम्प्युटर पुजतात. इथले गुजराती लोक दसऱ्याला करतात, सर आदल्या दिवशी. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, येऊन प्रत्येक मशीनला हळदकुंकू लावतात, झेंडूचं फूल ठेवतात. मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. यंत्राला विश्रांती. माणसांनाही. श्रीखंडपुरी खाऊन दुपारी सगळे घरी.

पण नवमीची रात्र म्हणजे गरब्याची शेवटची रात्र. सगळ्यात जास्त बदल त्याच दिवशी येतात. कुणाचं नाव राहिलं, कुणाचा फोटो मोठा हवा. मग काम कोण करणार? जिचं मशीन पूजेत नाही ती.

मी नोकरीला लागले त्या पहिल्याच नवमीला वहिनी कुंकवाचं बोट घेऊन माझ्या टेबलापर्यंत आल्या होत्या. सर म्हणाले, "तिचं राहू दे. त्यांच्यात नसतं हे." मग माझा कॉम्प्युटर उचलून बाहेर पॅसेजमध्ये ठेवला, चपलांच्या रॅकशेजारी. आतून वायर ओढली. आत आरती चालू होती आणि मी बाहेर कुणाच्या तरी सासऱ्याचा फोटो मोठा करत होते. माझं श्रीखंड कागदी डिशमध्ये बाहेर आलं. दरवर्षी हेच.

आमच्यात नसतंच ते. आम्ही बौद्ध. घरात कुंकवाचा करंडा नाही, भिंतीवर निळ्या कोटातला एकच फोटो आहे आणि आम्हाला तो पुरतो. मला वहिनींचं कुंकू नकोच होतं. पण नको म्हणायचं होतं ते मी. माझ्या वतीने त्यांनीच नको म्हणून टाकलं आणि वर मला चपलांपाशी बसवून कामाला जुंपलं. त्यांचा देव सुट्टी घेणार, त्यांची यंत्रं सुट्टी घेणार, आणि आमचा धर्म वेगळा म्हणून आम्ही राबणार. किती सोयीचा वेगळा.

त्या वर्षीही तेच. सकाळी वहिनी आल्या, पूजा झाली, झेंडूचा वास सुटला. माझा लॅपटॉप मी पॅसेजमधल्या टेबलावर ठेवला होता. खाली सगळ्यांच्या चपला. बाकीची मंडळी जेवून गेली. उरलो सर, वहिनी आणि मी.

दुपारी गरब्याचे आयोजक धापा टाकत जिना चढून आले. छाणीकडच्या मोठ्या मैदानाचे. सगळे त्यांना मोटाभाई म्हणतात. सरांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांचा मुख्य स्पॉन्सर ऐनवेळी बदलला होता. जुन्याशी भांडण झालं होतं, आणि त्याचं नाव मोराच्या पिसाऱ्यापासून घटापर्यंत सगळीकडे फिरत होतं. रात्रीच्या आत काढून नवं घालायचं होतं.

सर हसून म्हणाले, "थई जशे, चिंता ना करो." मग पॅसेजकडे बघून मला म्हणाले, "घे गं, लगेच करून दे."

मी म्हटलं, "आज खंडेनवमी आहे, सर. आज काम बंद."

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. "तुमच्यात कुठे असतं ते?"

"आमच्यात पूजा नसते. सुट्टी असते."

आणि मी गेम सुरू केला. आवाज मोठा ठेवला. गोळ्यांचा आवाज पॅसेजमधून आत गेला, पणजोबांच्या कलमदानापर्यंत.

सर बाहेर आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "काय चाललंय हे?"

"काम करत नाहीये, सर. खेळतेय."

मोटाभाई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. सर आत वळले आणि त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला हात घालायला गेले. वहिनी आडव्या आल्या. "उद्यापर्यंत उठवायचं नाही. तुमच्या घरात कुणी असं केलेलं नाही." सरांनी त्यांना बाजूला सारलं. फूल खाली पडलं. त्यांनी बटण दाबलं, मशीन चालू झालं, आणि मग सर नुसते बघत बसले. कारण फाईल तिथे नव्हती. आणि असती तरी मोराचा पिसारा कुठे उघडतो ते त्यांना माहीत नव्हतं. मोटाभाई मागे उभे राहून बघत होते. सरांचा हात माऊसवर होता आणि काही म्हणजे काही होत नव्हतं.

मला आनंद झाला. लपवत नाही. पोट भरल्यासारखं वाटलं.

सर परत बाहेर आले, आता हळू आवाजात. "बेटा, माझ्या मुलीसारखी आहेस तू. एवढं करून दे." इतकी वर्षं मी त्यांची "ए" होते. काम अडलं तेव्हा मुलगी झाले.

मी गेम थांबवला. म्हटलं, "करते. दुकानात माझ्याबद्दल जे बोललात ते आत्ता ह्यांच्यासमोर परत बोला. गुजरातीतच बोला."

सर म्हणाले, "काय बोललो मी?" पण त्यांना आठवत होतं. डोळ्यांत दिसलं ते.

मग मीच बोलले. शब्द न् शब्द, त्यांच्याच सुरात. वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर सारखा केला. मोटाभाई आपल्या बुटांकडे बघत राहिले. त्यांनी सरांना एका शब्दाने टोकलं नाही. त्यांना न्याय नको होता, पडदा हवा होता. मग मला विचारलं, "बेन, आ बधुं तमे ज बनावो छो?"

"हा. हुं ज बनावुं छुं."

"तो करी आपो ने. जे कहो ते."

"आजे नहीं," मी म्हटलं. "आजे रजा."

लॅपटॉप बंद केला, चार्जर गुंडाळला, पिशवीत भरला. रॅकमधून माझ्या चपला काढल्या. सर म्हणाले, गेलीस तर परत येऊ नकोस. मी म्हटलं, नंबर मोटाभाईंना देऊन जाते. आणि दिला. सरांच्या स्टुडिओत, सरांच्या देखत.

त्या रात्री मैदानावर जुन्या स्पॉन्सरचंच नाव नाचलं. हजारो लोकांसमोर. मोटाभाईंची शोभा झाली. त्यांचं वाईट वाटलं का? नाही. सरांचं? मुळीच नाही. आई विचारत होती, आता खाणार काय? तिची भीती खरी होती. पुढचे काही महिने हप्ते भरता भरता ओढाताणीत गेले. पण मोटाभाईंनी दिवाळीनंतर फोन केला. सरांना सोडून. चांगुलपणाने नाही केला, त्यांना कळलं होतं काम कुणाच्या हातात आहे. मला तेवढं बास होतं.

आता छाणीत आमच्या पुढच्या खोलीत माझं टेबल आहे. सकाळी काम करते, दुपारी मन झालं तर खेळते, आणि कुणाला सांगत नाही की विरंगुळा म्हणून, डोकं ताजं राहावं म्हणून. खेळायचं म्हणून खेळते. साहेबांच्या पोराला कुणी कधी कारण विचारलं होतं? आईसुद्धा खेळते आता. गाडीचा गेम. सारखी भिंतीवर आपटते आणि मला शिव्या घालते.

बाकी वेळ मी सरांची गिऱ्हाइकं तोडते. ठरवून. त्यांच्या कुठल्या गिऱ्हाइकाकडे कधी लग्न आहे, कुणाला बोर्ड बदलायचाय, मला सगळं ठाऊक आहे, कारण ती सगळी कामं मीच केली आहेत. मी त्यांच्या दारात जाते, लॅपटॉप उघडते आणि त्यांना त्यांचंच जुनं काम दाखवते. म्हणते, हे माझं. पुढचंही मीच करणार, थेट. लोक सांगतात, एवढा डूख बरा नव्हे, मोठ्या मनाने घे. मोठं मन माझ्याकडेच का मागतात सारखे? ज्याने थुंकलं त्याच्याकडे कुणी मागत नाही.

परवा वहिनींचा फोन आला होता. सरांची तब्येत बरी नसते, नवरात्राची कामं येत नाहीत, तू काही काम देऊ शकशील का, जुने संबंध आहेत. फोनवर किती गोड होत्या. मी म्हटलं, सरांना माझ्या घरी पाठवा, बोलू.

येऊ देत. मी त्यांना खुर्ची देईन, आतली, उंबऱ्याबाहेरची नाही. आईच्या हातून आमच्या माठातलं पाणी देईन आणि ते पितात का, ते डोळे न हलवता बघेन. पितील. आता पितील. पेला खाली ठेवला की मी त्यांना मराठीत, स्वच्छ आवाजात सांगेन की तुमच्यासाठी माझ्याकडे काम नाही.